चुंबकीय ध्रुव सरकला म्हणून देवघर हलवायचं का? (इंदूर)

माळवी_ताई
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आम्ही मागच्या वर्षी लोकमान्य नगरातलं जुनं घर सोडून बायपासकडे फ्लॅट घेतला. सासऱ्यांच्या आग्रहाने ईशान्येला देवघर येईल असाच बघून घेतला होता. आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की नासाने मान्य केलं, उत्तर ध्रुव रशियाकडे पळतोय, पृथ्वीचं चुंबकीय कवच संपत आलंय, मोबाईल रात्री उशाशी ठेवू नका, वगैरे वगैरे. त्यात कोणीतरी एक वास्तुवाला बोलावला आणि तो एकेक फ्लॅट बघत आमच्याकडेही आला. हॉलमधल्या खांबाला टेकून उभा राहिला, पितळी डबीतला कंपास काढला, दोनदा गोल फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, पोल शिफ्ट हो गया है, आपका ईशान अब ईशान नहीं रहा." देवघर हलवा, ते जमत नसेल तर तांब्याच्या पट्ट्या आणि पिरॅमिड बसवा, एकवीस हजार. सासऱ्यांना पटलंय, नवरा म्हणतो देऊन टाक, डोक्याला ताप नको. लेक आठवीत आहे, तिने मोबाईलमधला कंपास उघडला तर किचनमध्ये उत्तर एकीकडे आणि बाल्कनीत भलतीकडेच! शेजारच्या काकूंची झोप उडालीय तीही म्हणे यामुळेच. खरंच काही बदलतंय का, की नुसती हवा आहे?

रिटायर्ड_राजेंद्रनगर
ताई, एक रुपया देऊ नका. मेसेजमध्ये खरं किती आणि तिखट-मीठ किती ते सांगतो, माझी नोकरी कॅटमध्ये (इंदूरची प्रगत तंत्रज्ञानाची संशोधन संस्था) चुंबकांच्या संगतीतच गेली.

ध्रुव सरकतोय हे खरं आहे, पण कोणता ध्रुव? पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याचं टोक म्हणजे भौगोलिक उत्तर ध्रुव, तो आपल्या हिशेबाने जागेवरच आहे. कंपासची सुई ज्याच्या मागे जाते तो चुंबकीय ध्रुव वेगळा, आणि तो कधीच एका जागी नव्हता. जेम्स क्लार्क रॉसने १८३१ मध्ये तो कॅनडाच्या उत्तरेला शोधला, तिथून आजपर्यंत दोन हजार किलोमीटरच्या वर गेलाय. आधी रमतगमत चालला होता, १९९० नंतर वेग वाढून वर्षाला ५०-६० किलोमीटर झाला, आता पुन्हा ३५ च्या आसपास मंदावलाय, तोंड सायबेरियाकडे. आपल्या पायाखाली २९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र घुसळतोय, त्यातूनच पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तिथले प्रवाह बदलले की वर ध्रुव हलतो. जहाजं, विमानं, मोबाईल सगळे ज्या चुंबकीय नकाशावर चालतात तो दर पाच वर्षांनी नवा काढतात, पण २०१९ मध्ये ध्रुव इतका पुढे निघून गेला की मुदतीच्या आधीच दुरुस्त करावा लागला. बातम्या तेव्हापासून जास्त यायला लागल्या. यात लपवाछपवी काही नाही.

आता इंदूरचं बघा. तो ध्रुव इथून सात हजार किलोमीटरवर. त्याच्या शेजारी आर्क्टिकमध्ये जहाज चालवणाऱ्याला खरंच फरक पडतो, आपल्याकडे सुई खऱ्या उत्तरेपासून फार तर अंशभर इकडेतिकडे, आणि वर्षाकाठी होणारा बदल तर तुमच्या त्या डबीत दिसणारच नाही. आठ दिशा धरल्या तर ईशान्येच्या वाट्याला ४५ अंश येतात. त्यातला अंशभर हलला म्हणून ईशान्य आग्नेय होते का?

मग सुई का फिरली? अहो, खांबात सळया आहेत! आरसीसीच्या खांबाजवळ, लिफ्टच्या भिंतीजवळ, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ, फ्रीजजवळ कंपास धरला तर वीस-तीस अंश सहज चुकतो. मोबाईलच्या कव्हरला चुंबकाचं बटण असेल तर विचारूच नका. लेकीला सांगा, कव्हर काढ, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरव आणि भिंतीपासून हातभर दूर धरून खांबाकडे हळूहळू चालत जा, उत्तर डोळ्यांदेखत पळताना दिसेल. वास्तुवाल्याला पुन्हा बोलावून त्याच हॉलमध्ये चार जागी कंपास धरायला लावा, चार वेगवेगळी ईशान्य निघाली तर प्रत्येकीचे एकवीस हजार द्यायचे का तेही विचारा.

पोहेवाला_भिया
ध्रुव सरकला तर सरकला भिया, आपली छप्पन दुकान खाऊगल्ली जागेवर आहे ना? मग टेन्शन कसलं. पण काय डोकं लावलंय त्या माणसाने, रशियात ध्रुव हलतो आणि बिल बायपासवर फाटतं 😂

सरळमार्गी
सगळंच हसण्यावारी नेऊ नका लोकहो. क्षेत्र कमजोर होतंय हे शास्त्रज्ञच सांगतात, दहा टक्के गेलं म्हणे. दक्षिण अमेरिकेजवळ कवचाला भोक पडलंय. मे २०२४ मध्ये लडाखचं आकाश लाल झालं होतं ते तर सगळ्यांनी पाहिलं, आधी कधी असं झालं होतं का? उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे आपली आजी सांगायची त्यामागे हेच विज्ञान आहे, रक्तात लोह असतं. आणि लाखो वर्षं झाली, ध्रुव उलटायची वेळ केव्हाच होऊन गेलीय. वास्तुवाला चोर असेल पण म्हणून प्रश्न खोटा होत नाही.

भूगोलवाली_देवास
सरळमार्गी, तुमच्या बोलण्यात बरंच खरं आहे, पण वेगवेगळ्या गोष्टी एकाच भांड्यात पडल्यात.

आकाश लाल होणं हा सूर्याचा प्रताप. १० मे २०२४ च्या रात्री सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या ढगाने मोठं भूचुंबकीय वादळ झालं, २००३ नंतरचं सगळ्यात जोरदार, म्हणून हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात लाल झोत आला. दोन-तीन दिवसांत सगळं शांत. अशा वादळांना घाबरायचं ते वीजवाल्यांनी आणि उपग्रहवाल्यांनी: मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात नऊ तास वीज नव्हती, साठ लाख लोक अंधारात. कवच आतून पातळ होण्याशी याचा संबंध नाही.

क्षेत्र कमी होतंय हे बरोबर, साधारण १८४० पासून आतापर्यंत नऊ-दहा टक्के. दक्षिण अटलांटिकवर ते जास्तच अशक्त आहे, हबल दुर्बीण तिथून जाते तेव्हा निरीक्षणं थांबवतात. पण त्याला भोक म्हणू नका, क्षेत्र तिथेही आहे, शिवाय आपल्या डोक्यावर वातावरणाची जाड रजई वेगळीच.

आणि ध्रुव उलटायची 'वेळ होऊन गेली' हे तर मला अजिबात पटत नाही, ही काय सिटी बस आहे का टाईमटेबलने यायला? शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. त्याआधीची अंतरं बघितली तर कुठे दहा-वीस हजार वर्षं, कुठे लाखो, आणि डायनासोरच्या काळात एकदा जवळपास चार कोटी वर्षं ध्रुव उलटलेच नाहीत. उलटायला लागले तरी हजारो वर्षं घेतात. सुमारे ४१-४२ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र थोडा काळ अगदी क्षीण झालं होतं, त्यामुळे प्राणी नष्ट झाले, निअँडरथल संपले असा दावा २०२१ मध्ये एका शोधनिबंधात आला आणि खूप गाजला, पण बऱ्याच तज्ज्ञांनी त्यावर तितकीच कडक टीका केली, ती मात्र कोणी फॉरवर्ड केली नाही! २०१२ च्या जगबुडीच्या वेळीसुद्धा नासाला खुलासे लिहीत बसावं लागलं होतं.

पुरावा बघायचा तर घराबाहेर पडा. आपला माळवा ज्या काळ्या दगडावर बसलाय तो दख्खनच्या लाव्हाचाच भाग, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या क्षेत्राच्या दिशेने गोठून जातात. दख्खनच्या कित्येक थरांत ती दिशा आजच्या बरोब्बर उलटी सापडते. म्हणजे ज्या दगडावर आपण प्लॉट पाडतो त्यातच उलटापालटीची नोंद आहे, आणि तरी झाडं, बेडूक, उंदीर सगळे पुढे टिकले. (डायनासोर गेले, पण त्याचा आळ उल्केवर आणि या लाव्हावर आहे, कंपासवर नाही.)

रक्तातल्या लोहाचं राजेंद्रनगरवाले सांगतील.

रिटायर्ड_राजेंद्रनगर
सांगतो. पृथ्वीचं क्षेत्र सगळ्यात जोरदार जागी ६५ हजार नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय जोर मोजायचं माप), म्हणजे टेस्लाचा पंधरा-सोळा हजारावा भाग. दवाखान्यातलं एमआरआय दीड टेस्लाचं. त्यात माणूस अर्धा तास पडून राहतो, रक्त एका बाजूला ओढलं जात नाही, उठून बाहेर चहा पितो. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं नसतं. उत्तरेला डोकं करू नये ही रीत आजीची म्हणून पाळा, माझ्या घरातही पाळतात, पण तिला चुंबकाचा आधार देऊ नका. काकूंची झोप रात्री दोन वाजता असले मेसेज वाचल्याने उडत असेल.

अलिबागची_सून_इंदुरात
माहेर अलिबागचं, तेव्हा इथे बोलणं भाग आहे 😀 आमच्याकडे भूचुंबकीय वेधशाळा आहे, लहानपणी त्या कंपाउंडवरून शाळेत जायचो. मुळात ती मुंबईला कुलाब्यात होती, १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी. सप्टेंबर १८५९ मध्ये जगातलं गाजलेलं सौर वादळ आलं तेव्हा कुलाब्याला नोंद झाली, क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं. मे २०२४ चं वादळ ४०० च्या घरात होतं, यावरून अंदाज करा. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या करंटने नोंदी बिघडतील म्हणून नानाभॉय मूस या संचालकांच्या काळात वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला कारण तो चुंबकीय नाही, बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. आता बघा, दूरवरून जाणारी ट्राम चालत नव्हती मोजायला, आणि हे महाशय सळईच्या खांबाला टेकून, खिशात मोबाईल आणि गाडीची किल्ली ठेवून ईशान्य ठरवतात. धन्य!

माळवी_ताई
सगळ्यांचे आभार, लेकीने खांबाचा प्रयोग केला, सुई खरंच फिरली, नवरा गार. पण सासरे म्हणतात शास्त्रात सांगितलंय ते कंपासपेक्षा मोठं, तुमच्या सळया-बिळया मला सांगू नका. त्यांना काय सांगू? वादावादी नकोय, वय झालंय.

भूगोलवाली_देवास
वाद घालूच नका, बाबांच्याच बाजूने बोला. शास्त्रात कंपास आहे कुठे? शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखायचे जुने ग्रंथ) दिशा काढायची रीत शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची आहे. गच्चीवर सपाट जागी काठी ओळंब्यात सरळ उभी करा, तिच्या बुडाभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला शिवून आत येतं तिथे खडूची खूण, दुपारनंतर ते पुन्हा वर्तुळाबाहेर जातं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली, तिच्यावर काटकोन म्हणजे उत्तर-दक्षिण. ही खरी उत्तर, ध्रुव सायबेरियात गेला काय किंवा चुलत्याकडे गेला काय, हिला काही होत नाही. फक्त थंडीतच करा, जूनमध्ये दुपारी आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो आणि सावली बुंध्यातच गोळा होते. आणि बाबांना एकदा उज्जैनला जंतरमंतरवर न्या, सवाई जयसिंगांनी बांधलेलं सम्राट यंत्र (मोठं सूर्यघड्याळ) तिथे बरोबर उत्तर-दक्षिण उभं आहे. शंकू यंत्रही आहे, तिथले लोक समजावून सांगतात.

माळवी_ताई
हे भारी आहे, बाबांनी स्वतःच काठी शोधून ठेवलीय, रविवारी गच्चीवर बसणार म्हणतात. वास्तुवाल्याला नवऱ्याने 'नंतर कळवतो' सांगितलं.

पोहेवाला_भिया
एक सिरीयस प्रश्न. विमानवाले काय करतात मग? त्यांना शंकू लावता येत नाही.

रिटायर्ड_राजेंद्रनगर
त्यांना मात्र खरंच निस्तरावं लागतं. धावपट्टीला नंबर देतात तो तिच्या चुंबकीय दिशेवरून, शेवटचा शून्य काढून. आपल्या अहिल्याबाई होळकर विमानतळाची पट्टी ०७/२५, म्हणजे एका बाजूने साधारण ७० अंश, दुसऱ्या बाजूने २५०. सुई सरकत सरकत पुढच्या दहाच्या जवळ गेली की नंबर पुन्हा रंगवायचा. अमेरिकेत टँपा विमानतळाने २०११ मध्ये हेच केलं, १८ ची पट्टी १९ झाली. पुढच्या वेळी मुंबईला जाताना खिडकीतून बघा, मोठ्या पांढऱ्या आकड्यात लिहिलेलं असतं.