‘अपकीप’ला मराठीत काय म्हणाल?

मी ठाण्याचा. भाचा ऐरोलीला असतो, अकरावीत आहे. सध्या ‘एम्पायर : टोटल वॉर’च्या नादी लागलाय. संगणकावरचा युद्धाचा खेळ, 2009 चा, म्हणजे जुनाच. 1700 सालापासून सुरू होतो, एक चाल म्हणजे अर्धं वर्ष, आणि मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. हा पठ्ठ्या खेळता खेळता मराठीत बोलतो आणि ते मित्रांना पाठवतो. परवा अडला. उभ्या केलेल्या प्रत्येक तुकडीमागे दर चालीला खजिन्यातून रक्कम कापली जाते, ती अपकीप.

“मामा, मेंटेनन्स म्हणू का?”

म्हटलं, घोडदळाचा की सोसायटीचा? मग सिंकिंग फंडही काढ. ‘देखभाल खर्च’ म्हटलं की मला लिफ्ट आठवते. काही सुचतंय का?

प्रतिसाद
शिबंदी. जुन्या कागदांत पाहा, किल्ल्याची शिबंदी, महालाची शिबंदी. जमाखर्चात खर्चाच्या बाजूला हाच शब्द.

मूळ लेखक
शब्द भारदस्त आहे, पण शिबंदी म्हणजे माणसंही. वर्तमानपत्रात ‘पक्षाची शिबंदी’ म्हणतात तेव्हा कार्यकर्तेच असतात ना? पडद्यावर ‘शिबंदी 1200’ दिसलं तर पोरं म्हणतील बाराशे शिपाई आले, आणि प्रत्यक्षात बाराशे गेलेले असणार. ‘शिबंदीखर्च’ चालेल, पण बोलताना लांबतो.

प्रतिसाद
मग सरळ ‘पगार’ म्हणा की. आणि ठाण्याच्या माणसाला त्याचं वावडं नसावं, शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय. त्यांच्याकडून मराठ्यांनी 1737 साली घेतलेला तुमचा किल्ला अजून आहे, आत कारागृह आहे एवढंच.

प्रतिसाद
पगारात घोडा कुठे आला? शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतला. म्हणजे शिलेदाराला पैसे जास्त मोजायचे, पण त्याच्या घोड्याची काळजी त्याची त्याला. बारगिराला पगार कमी, मात्र दाणावैरण, खोगीर, घोडा मेला तर दुसरा, सगळं सरकारच्या माथी. ‘पगार’ म्हटलंत की यातलं निम्मं गळतं. तुकडी उभी करताना एकदाच जी रक्कम द्यावी लागते, तिच्यासाठी मात्र तयार शब्द आहे : नालबंदी. स्वाराला आगाऊ द्यायचे पैसे. नाल ठोकून घे आणि ये, असा भाव. खेळात एकेका तुकडीमागे एकच ठोक आकडा, घोडा कोणाचा याचा हिशेब वेगळा नाही, ही माझी जुनी तक्रार.

मूळ लेखक
नालबंदी झकास! भाच्याने लगेच उचलला. तोफखान्यालाही नालबंदीच म्हणतोय, त्याला अडवलं नाही.

प्रतिसाद
माझी सूचना घरगुती आहे. सोनाराकडे घडणावळ देतो, शिंप्याकडे शिवणावळ, गिरणीत दळणावळ. फौज आपण पोसतो. तेव्हा पोसणावळ. कोशात असो नसो, ऐकणाऱ्याला कळतो.

प्रतिसाद
हत्ती पोसणं हा वाक्प्रचार तरी आणखी कशासाठी आहे! पोसणावळीला माझं मत. ‘अनुरक्षण व्यय’ कोणी सुचवायच्या आत चर्चा बंद करा.

मूळ लेखक
कालच प्रयोग झाला. दोन चाली बऱ्या गेल्या, मग कोपऱ्यातला आकडा लाल झाला. हा ओरडला, “मामा, वसूल सगळा पोसणावळीतच गेला!” ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाची पोसणावळ, कुठे गेला वसूल? तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण वाक्य कळलं. माझ्यापुरता निकाल लागला.

एक भर. ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ या दुसऱ्या खेळात हा खर्च पट्टी सरकवून कमी करता येतो, आणि तसं केलं की ‘मोराल’ घसरतं. त्याला ‘मनोबल’ नको, भाषणातला शब्द आहे. अवसान घ्या. पोसणावळ तोडली की फौजेचं अवसान गळतं, हे मराठीत नुसतं बोललं तरी खरं वाटतं.

आता पुढचं. पैसे संपल्यावर तुकडी मोडायची, त्या बटणाला काय म्हणायचं? भाचा म्हणतो ‘बडतर्फ’. मला तो चौकशी होऊन घरी बसवलेल्या कारकुनाचा शब्द वाटतो. शिपायाने काही केलेलं नसतं हो, खजिना आपला रिकामा असतो. ‘रजा दिली’ कसं वाटतं?

प्रतिसाद
रजा दिली तर तो सोमवारी परत येईल. ‘निरोप दिला’ म्हणा.