मदत हवी आहे: ‘द सी हॉक’ची पूर्ण प्रत कोणती?

मंडळी, जरा मदत हवी आहे. एरॉल फ्लिनचा ‘द सी हॉक’ (१९४०, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ) काल पुन्हा पाहिला. शेवटची तलवारबाजी तर बघतच राहावी अशी! मेणबत्त्या सपासप तुटताहेत आणि माणसांपेक्षा भिंतीवरच्या त्यांच्या अजस्र सावल्याच जास्त लढताहेत. हा प्रसंग रंगीत असता तर निम्मी मजा गेली असती, असं माझं ठाम मत. (फ्लोरा रॉबसनची एलिझाबेथ राणी समोर आली की फ्लिनसुद्धा फिका पडतो, हे जाता जाता.)

आता अडचण. पनामाचा भाग मूळ प्रिंटमध्ये तपकिरी, सेपिया छटेत होता. माझ्या डीव्हीडीत तो सरळ करडाच दिसतो. शिवाय मूळ चित्रपट १२७ मिनिटांचा, माझा १०९ मिनिटांतच आटोपतो. म्हणजे पुन्हा प्रदर्शित करताना कापलेली आवृत्तीच माझ्या गळ्यात पडली असणार. सेपिया छटा आणि पूर्ण लांबी, दोन्ही असलेली डिस्क कुणी स्वतः पाहिली आहे का? बाबांना दाखवायचाय, त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा सबटायटल्स असतील तर फारच बरं.