मदत हवी आहे: जर्मन पद्धतीच्या रेड एल बिअरमध्ये लोण्याचा वास, दोष म्हणायचा का?

नमस्कार मंडळी,

पूर्वी कधी नाव न ऐकलेल्या एका छोट्या ब्रुअरीच्या दोन बाटल्या हाती आल्या. लेबलवर 'जर्मन पद्धतीची रेड एल', अल्कोहोल ५.२ टक्के, बॅच नंबर, बाटली भरल्याची तारीख. बस्स.

पहिली काल उघडली. रंग तांब्यासारखा, उजेडात धरल्यावर लालसर झाक, फेस दाट. आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखा सुरेख वास आला. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवला, थंडपणा जरा उतरला, आणि लोण्याचा वास वर आला. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा. घोट गिळल्यावर जिभेवर निसरडा थरही राहिला.

जर्मन लाल एल म्हटल्यावर मला ड्युसेलडॉर्फची आल्टबिअरच आठवते. 'आल्ट' म्हणजे जुनी, लागरचा (थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरचा) जमाना येण्याआधीच्या पद्धतीची. एलच्या, म्हणजे जरा उबेत आंबवणाऱ्या यीस्टने आंबवायची, पण नंतर लागरसारखी थंडीत काही आठवडे मुरवायची. म्हणून ती एल असूनही स्वच्छ लागते, शेवट कोरडा असतो आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा माल्टपुढे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या चवीपुढे, दबत नाही. (न्यूरेंबर्गची रोटबिअरही लालच, पण ती लागर.) या बाटलीत कडूपणा जवळजवळ नव्हता, तरी ते मी चालवून घेईन. लोणी मात्र खटकलं.

माझा संशय डायअसिटिलवर, म्हणजे लोण्यासारखा वास देणाऱ्या संयुगावर आहे. आंबताना यीस्ट जे सोडतं त्यापासून ते बनतं आणि शेवटी दोन-तीन दिवस जरा उबदार ठेवलं की यीस्टच ते परत शोषून घेतं. टाकी घाईने थंड केली की तसंच राहतं. पेडिओकोकस जंतूंमुळेही होतं, पण तेव्हा बहुतेकदा आंबटपणाही येतो. इथे तो नव्हता.

तरी खात्री नाही, कारण क्रिस्टल माल्टचा कॅरमेल-टॉफी वासही याच्या जवळ जातो. तुम्ही हे दोन वेगळे कसे ओळखता? निसरडेपणावर भरवसा ठेवावा का?

दुसरं. ब्रुअरीत एक चाचणी करतात: दोन नमुने घ्यायचे, एक झाकून सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही सारखेच गार करून हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी वाढलं तर डायअसिटिल अजून तयार होऊ शकतं, असा अर्थ. बाटलीबंद बिअरवर ही चाचणी घरी करून काही कळेल का? कोणी केली आहे का?

ब्रुअरीला कळवायचं मनात आहे. माल्ट इतका छान जमलाय की तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. पण नव्या माणसांना चुकीचा दोष दाखवायचा नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय. दुसरी बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली आहे. तुमची उत्तरं येईपर्यंत उघडणार नाही.