मदत हवी आहे: 'लोपेझ' आडनावाचा अर्थ काय? उद्या मजकूर छापायला जातोय

अमोल७८:
नमस्कार मंडळी. लोपेझ या स्पॅनिश आडनावाचा अर्थ आणि उगम कोणाला माहीत आहे का? मराठीत कसं लिहायचं तेही सांगा. छापखान्याने पहिल्या प्रुफात 'लोपेज' केलंय, आम्ही घरात 'लोपेझ' म्हणतो. आजोबा अडून बसलेत. उद्या दुपारी १२ पर्यंत फायनल करायचं आहे. प्लीज लवकर.

रेवा_:
कसलं प्रूफ? आजोबा कशावर अडलेत?

अमोल७८:
लग्नपत्रिकेचं. चुलत बहिणीचं लग्न आहे, मुलगा स्पॅनिश. आजोबांना आडनावाचा अर्थ कळल्याशिवाय पत्रिका वाटायची नाहीये.

शब्दवेडा:
सोपं आहे. लोपे हे जुनं पुरुषी नाव, आणि शेवटचा 'एझ' म्हणजे 'चा मुलगा'. रोद्रिगोचा रॉड्रिगेझ, सांचोचा सांचेझ, तसा लोपेचा लोपेझ. लोपे आलं लॅटिन 'लुपुस'वरून, म्हणजे लांडगा. मध्ययुगात मुलांना हे नाव सर्रास ठेवत. नाटककार लोपे दे व्हेगा (१५६२ ते १६३५) याचं 'लोपे' हे नावच होतं, आडनाव नव्हे. सुरुवातीला हे दर पिढीला बदलायचं, बाप पेद्रो असला की मुलगा पेरेझ व्हायचा. पुढे ते गोठलं आणि वंशाचं आडनाव झालं.

अमोल७८:
लांडगा?? आता हे आजोबांना कसं सांगू? दुसरा काही अर्थ नाही का?

शब्दवेडा:
नाही. आणि लाजायचं कशाला? बास्क भाषेतही लांडग्यावरून आडनाव आहे, ओचोआ. मेक्सिकोचा गोलकीपर ओचोआ आठवतो का, तेच.

माद्रिदकर:
अर्थ बरोबर आहे, पण 'लोपेझ' लिहू नका. मी ९ वर्षं इथे राहतोय, 'झ' असा उच्चार कोणीच करत नाही. झेड हे अक्षर इंग्रजीतून आपल्या डोक्यात बसलंय. इथे ते 'थ' होतं. लोपेथ लिहा, आणि 'लो'वर जोर.

शब्दवेडा:
हे सगळीकडे लागू नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत 'स'च म्हणतात. जगातले बहुतेक स्पॅनिश बोलणारे 'लोपेस' म्हणतात.

माद्रिदकर:
मुलगा स्पेनचा आहे असं म्हणतायत ना? मग मेक्सिकोचं काय काम?

वसईकर:
आमच्याकडे हेच आडनाव लोपीस असं लिहितात. पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली, चिमाजी अप्पांनी १७३९ साली त्यांच्याकडून वसई घेतली. त्या २०५ वर्षांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना लोपीस, फर्नांडिस, परेरा ही आडनावं मिळाली. गोव्यातही तेच. पोर्तुगीजांमध्ये लोपेचा लोपो होतो आणि शेवटी झेडच्या जागी एस येतो. गोव्यात १५१५ ते १५१८ या काळात लोपो सोआरेस नावाचा गव्हर्नरही होता. म्हणजे तुमचे पाहुणे आणि आमच्या वाडीतले लोपीस यांचं रक्ताचं नातं नसलं तरी शब्द एकच.

तात्या_सातारा:
परदेशी नागरिकाशी लग्न असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ बघा. ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं. पत्रिका नंतर छापा, आधी नोटीस द्या.

अमोल७८:
तात्या, नोंदणी झालीये. प्रश्न फक्त आडनावाचा आहे.

निशिगंध:
नेटवर लोपेझ घराण्याचं कुलचिन्ह मिळतं, झाडाखाली दोन लांडगे वगैरे. गणपतीच्या बाजूला छान दिसेल.

शब्दवेडा:
कृपा करून असलं काही छापू नका. स्पेनमध्ये पहिलं आडनाव लोपेझ असलेले साडेआठ लाखांहून जास्त लोक आहेत. सगळ्यात जास्त गार्सिया, साधारण साडेचौदा लाख. लोपे नावाचे बाप गावोगाव होते, त्यामुळे लोपेझ हे एक घराणं नाहीच. चिन्ह एखाद्या कुटुंबाला मिळालेलं असतं, आडनावाला नाही.

निशिगंध:
हौसेने लावलं तर कोणाचं काय जातं?

माद्रिदकर:
व्याही विचारतील ना, हे कोणाचं म्हणून.

रेवा_:
अमोल, मुलालाच का नाही विचारत? आणि तो स्पेनमध्ये नक्की कुठला?

अमोल७८:
विचारलं. तो म्हणतो, तुम्हाला वाचायला सोपं जाईल तसं लिहा. सेव्हिलचा आहे.

माद्रिदकर:
हे आधी सांगायचं होतं! सेव्हिल शहरात 'स' म्हणणारेच जास्त. मग लोपेस लिहा. माझा 'थ' मागे घेतो.

अमोल७८:
ठीक, लोपेस. पण आजोबांचं खरं दुखणं वेगळंच आहे. मुलाचं पूर्ण आडनाव 'लोपेस रोमेरो', वडिलांचं 'लोपेस मोरेनो' आणि आईचं 'रोमेरो नवार्रो'. तिघांची तीन! आजोबांना वाटतंय की आईवडील विभक्त आहेत आणि ते आमच्यापासून लपवलंय. काल रात्री जेवले नाहीत. विहीणबाईंचं नाव पत्रिकेत कसं घालायचं, यावरच गाडी अडलीये.

रेवा_:
अहो, मग हा मूळ प्रश्न होता! तासभर आम्ही लांडग्यावर बोलतोय.

माद्रिदकर:
आजोबांना आत्ता फोन करून सांगा की यात काहीही वावगं नाही. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, जन्माचंच मरेपर्यंत. म्हणून नवरा-बायकोचं आडनाव जुळतच नाही. वडिलांचं पहिलं लोपेस आणि आईचं पहिलं रोमेरो मिळून मुलगा लोपेस रोमेरो. पिकासोचंच बघा. वडील रुइस ब्लास्को, आई पिकासो लोपेस (हो, तिथेही लोपेस), आणि मुलगा पाब्लो रुइस पिकासो. जगभर गाजलं ते आईचं नाव. १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यापासून ही दोन नावांची पद्धत पक्की झाली. २०१७ पासून तर बापाचं आडनाव आधी हा आग्रहही कायद्यात उरला नाही, आईबापांनी मिळून क्रम ठरवायचा.

शब्दवेडा:
टेनिसपटू नादालचंही तसंच. पूर्ण नाव राफाएल नादाल परेरा, त्यातलं परेरा आईचं.

वसईकर:
हे परेरा आमच्या परेरांपेक्षा वेगळं बरं का. त्यांचं कॅटलान भाषेतलं आहे. दोन्हीचा अर्थ मात्र नासपतीचं झाड.

पोपटराव_चाकण:
उशिरा वाचलं. आमचं आडनाव लांडगे. सात पिढ्या शेती केली, भंडाऱ्यात मान आहे, कोणी नाक मुरडलेलं आठवत नाही. आपल्यात वाघ आहेत, कोल्हे आहेत, अस्वले आहेत. आजोबांना सांगा, जावई आमच्या भावकीतला आहे. काही अडलं तर माझ्याशी बोलायला द्या त्यांना.

अमोल७८:
पोपटराव, हा निरोप शब्दशः वाचून दाखवतो. मनापासून आभार.

शब्दवेडा:
कोणी विचारलं नाही, पण रोमेरोचा अर्थही सांगतो. रोमला पायी यात्रेला जाणारा तो रोमेरो, पुढे कुठल्याही यात्रेकरूला तेच म्हणू लागले. सेव्हिलच्या आसपास 'रोमेरिया' म्हणजे देवीच्या स्थानी जाणारी यात्रा, लोक वाटेत मुक्काम करत, गात जातात. रोसिओ गावची सगळ्यात मोठी. आपल्या शब्दांत सांगायचं तर विहीणबाईंचं आडनाव वारकरी.

अमोल७८:
थांबा. आजोबा ३१ वर्षं आळंदीहून वारीला जातात. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं ना?

रेवा_:
नाही. जा, आधी त्यांना उठवा.

अमोल७८:
(रात्री ११.४०) उठवलं. दोनदा विचारलं, "पायी?" मी म्हटलं, पायी. मग स्वतः चष्मा लावून प्रुफावर लिहून दिलं: 'श्री. लोपेस मोरेनो व सौ. रोमेरो नवार्रो यांचे ज्येष्ठ चिरंजीव'. विहीणबाईंचं आडनाव कुठेही बदलायचं नाही असं बजावलंय. आता पोळी-भाजी गरम करून मागितलीये. बाकी उत्तरं सकाळी वाचतो.