तीन महिन्यांच्या बाळाला पहाटेच्या बसनं जांबोटीला न्यायचंय

अनगोळची आई: माहेरी चाललेय. डिसेंबरात तिकडं धुकं असतं. बेबी कॅरियरमध्ये छातीशी बांधून नेणार. सासूबाई म्हणतात, कुंचीवर वाकळ गुंडाळ, तोंडही झाक. किती कपडे घालू?

खानापूरची मावशी: तोंड झाकायचं नाही म्हणजे नाही! नाक सतत दिसायला हवं. हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. तुझ्या अंगाची ऊब त्याला मिळतेच, म्हणून झबलं, स्वेटर, मोजे, कुंची पुरे. वाकळ आत कोंबू नको. दोघांवर बाहेरून शाल घे, बाळाच्या खांद्यापर्यंतच. हात गार लागले तरी घाबरू नको, मानेमागं हात घालून बघ. घाम असेल तर एक थर काढ.

निपाणीकर: बसमध्ये उकडलं की कुंचीसुद्धा काढा. आमच्यात कोण काढतंय म्हणा!

अनगोळची आई: हे स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडतो म्हणूलालेत.

खानापूरची मावशी: स्कूटर नको गं, वारं लागतं आणि पडायची भीती वेगळीच. रिक्षा करा. आणि पहाटेचीच कशाला? ऊन पडल्यावरची बस घे की.