आच्छादनावर पिवळे फेसाळ गोळे आणि भूछत्रे आली आहेत. फवारणी करावी की राहू द्यावे?

नमस्कार,

पुण्यातील कर्वेनगरमधील आमच्या सोसायटीच्या बागेसंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे. येत्या रविवारी समितीची बैठक असून वाफ्यांवर बुरशीनाशक मारायचे की नाही, हे तिथे ठरणार आहे. बागेचे काम मी पाहते, त्यामुळे खात्रीलायक माहिती हाताशी ठेवूनच मला बैठकीत बोलायचे आहे.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर बाग जगवणे परवडेनासे झाले, तेव्हा आवारातील सोनमोहर आणि रेन ट्रीचा वाळलेला पाला आणि छाटलेल्या फांद्यांचा यंत्रातून काढलेला चुरा आम्ही जास्वंद, तगर, कढीपत्ता आणि अनंताच्या वाफ्यांत चांगला चार बोटे जाडीने पसरला. त्याचा उपयोग निश्चित झाला. पाणी कमी देऊनही माती ओलसर राहू लागली आणि पाला बाजूला केला की खाली गांडुळे दिसू लागली. हे आच्छादन टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण ते काढले तर हाच पाला पुन्हा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीतून जाईल.

पाऊस लागल्यापासून मात्र या थरावर निरनिराळ्या गोष्टी उगवू लागल्या आहेत. त्यांतली सर्वांत चर्चेची म्हणजे गर्द पिवळा, ओला, फेसाळ गोळा. सकाळी पाहिला तेव्हा पातळ कालवलेले बेसन ओतावे तसा तो चुऱ्यावर पसरलेला होता आणि त्याच्या कडेला शिरांचे बारीक जाळे स्पष्ट दिसत होते. संध्याकाळपर्यंत तो वाफ्याच्या विटेवर चढला होता, म्हणजे त्याने जागा बदलली यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग फिका पडून वर ठिसूळ कवच आले आणि काडीने ते मोडल्यावर आतून काळपट तपकिरी भुकटी उडाली.

याखेरीज लाकडाच्या तुकड्यांवर नखाएवढ्या करड्या वाट्या आल्या असून प्रत्येकीच्या तळाशी चपट्या काळसर गोळ्या आहेत. पहाटे उगवून दुपारपर्यंत काळ्या पाण्यासारख्या विरघळणाऱ्या नाजूक छत्र्याही आहेत. हिरवळीवर तळहाताएवढ्या पांढऱ्या, वर तपकिरी खवले असलेल्या छत्र्या आल्या आहेत. शिवाय फाटकाजवळच्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याला, जमिनीलगत, लाकडासारखे कडक, वरून चकचकीत तांबूस आणि कडेला पांढरे असे फळकुट आले आहे. ते आच्छादनामुळेच आले, असे काही सभासदांचे म्हणणे आहे.

माळीकाका सगळा थर उचलून चुना टाकायला सांगत आहेत, तर एका सभासदांनी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी आणूनही ठेवली आहे. लहान मुले याच वाफ्यांपाशी खेळतात, दोन घरांत कुत्री आहेत आणि तळमजल्यावरील आजोबांना दमा आहे, त्यामुळे लोकांची काळजी मी मुळीच हलकी मानत नाही. हे पिवळे नेमके काय आहे, ते झाडांना किंवा माणसांना बाधते का, आणि आच्छादन न काढता काही करता येईल का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, वर्णन इतके नेमके आहे की पिवळ्या गोळ्याबद्दल फारशी शंका उरत नाही. तो फुलिगो सेप्टिका नावाचा श्लेष्मकवक, म्हणजेच स्लाइम मोल्ड आहे. नावात कवक असले तरी ती बुरशी नव्हे. या श्लेष्मकवकाचे नाते अमीबाशी आहे. तो पसरलेला गोळा म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच प्रचंड पेशी असते आणि ती सरपटत जाऊन कुजणाऱ्या पाल्यावरचे जीवाणू, यीस्ट आणि बीजाणू खाते. जिवंत झाडातून ती काहीही घेत नाही. याच गटातील फायसारम पॉलिसेफॅलम या जातीने चक्रव्यूहात ठेवलेल्या अन्नापर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग शोधल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले होते. सोसायटीतल्या मुलांना हे अवश्य सांगा.

फवारणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जी बुरशीच नाही तिच्यावर बुरशीनाशकाचा भरवसा धरता येत नाही. उलट पाला कुजवून खत करणाऱ्या उपयोगी बुरश्या मात्र मरतील. चुनाही नको. पुण्याकडची काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते, आणि चुन्याने ती आणखी तशी झाली की जास्वंद आणि अनंताला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात.

दम्याचा मुद्दा मात्र खरा आहे. या भुकटीतील बीजाणूंनी संवेदनशील व्यक्तींना ॲलर्जीचा किंवा दम्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून गोळा ओला असतानाच फावड्याने खालच्या चुऱ्यासकट उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा. वाळलेल्या गोळ्यावर पाण्याचा फवारा मारू नये, कारण त्याने भुकटी सगळीकडे उडते. आठवड्यातून एकदा दाताळ्याने थर वरखाली केला की वरचा भाग सुकतो आणि हे प्रकार आपोआप कमी होतात. लाकडाचा चुरा मातीत मिसळू मात्र नका, नाहीतर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो.

करड्या वाट्या म्हणजे सायथस नावाची बुरशी. पावसाचा थेंब पडला की त्या गोळ्या बाहेर उडतात आणि असा प्रसार होतो. त्या आणि विरघळणाऱ्या छत्र्या खुशाल राहू द्या. हिरवळीवरच्या मोठ्या छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट छटा असेल, तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स ही विषारी जात असण्याची दाट शक्यता आहे. ती खाल्ल्यास जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही, पण मुले आणि कुत्री असल्याने दिसेल तशी उपटून टाका. अळंबी समजून यातले काहीही कुणी स्वयंपाकात घेऊ नये, हे सूचनाफलकावरही लावा. नमुना ओळखून हवा असेल, तर आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे आणि तिथे बुरशी ओळखून देण्याची सोय आहे. नमुना प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत न्या.

खरी चिंता गुलमोहराची आहे. ते फळकुट गॅनोडर्माचे दिसते. ही बुरशी मुळांचे आणि बुंध्याचे लाकूड आतून कुजवते, आणि पालवी हिरवीगार असतानाही असे झाड वादळी पावसात उन्मळून पडू शकते. ती लाकडात शिरून बाहेर फळकुट धरेपर्यंत बराच काळ जातो, त्यामुळे यंदाच्या आच्छादनाला दोष देता येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. गुलमोहराखाली गाड्या उभ्या असतात, म्हणून लगेच विचारते : फळकुट काढून टाकले तर झाड वाचेल का?

प्रतिसाद

नाही, बुरशीचे जाळे आत राहतेच. फळकुट तसेच ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला ते पाहता येईल. बुंध्याला लागलेला पाला हातभर मागे घ्या, गाड्या आजच हलवा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फोटोंसह पाहणीसाठी लेखी अर्ज द्या. १९७५च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून रविवारच्या बैठकीत फवारणीच्या आधी हा विषय घ्या.