सेट: सिमेंट बसतं, दही लागतं

वेंगुर्ल्याला आमच्या मागच्या पडवीचं काम चाललंय. परवा काकी ओल्या कोब्यावर पाय ठेवणार, तोच गवंडी ओरडला, "काकी, सेट जावक नाय अजून!" काकीने तिथूनच विचारलं, "सेट म्हंजे काय रे?" तो म्हणाला, "म्हंजे बसाक व्हया." व्युत्पत्तीच्या दृष्टीने याहून नेमका अर्थ सांगता येणार नाही.

इंग्रजीतला सेट हा 'सिट'चा प्रयोजक. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. आपण पडणे-पाडणे, लागणे-लावणे अशा जोड्या करतो, तशीच ही. इंग्रजीत आता असे जोड थोडेच उरलेत: 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे (माड, झाड) पाडणे हा त्यातला एक. सेटचं मूळ संस्कृतच्या सद् धातूशी एकच. सदन, संसद, परिषद सगळे त्या घरातले. प्रसन्न सुद्धा! पहिल्या पावसाने विहीर गढूळ होते आणि गाळ खाली बसला की पाणी निवळतं, ते पाणी मुळातलं 'प्रसन्न'. आपलं बसणे मात्र या कुळातलं नाही. ते बैसणे, म्हणजे संस्कृत उपविश् वरून आलेलं.

सूर्य 'सेट' का होतो, याचंही उत्तर इथेच आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. त्यांचा सूर्य दिवसभर फिरून बसतो, आमचा बुडतो. (समोर अरबी समुद्र असताना दुसरं काय म्हणणार? पण देशावरही दिवस बुडतोच, तेव्हा हा तर्क सोडून द्या.) त्याच 'सेट्ल' म्हणजे आसनावरून 'सेटल' आलं. पोरगा मुंबईत सेटल झाला, म्हणजे बूड टेकवून बसला.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वात लांब नोंद सेटचीच होती, चारशेहून जास्त अर्थांची. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं: 645 अर्थ, तेही नुसत्या क्रियापदाचे.

आता खरी गंमत. कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट हा या सेटचा सख्खा भाऊ नव्हे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, लॅटिन 'सेक्टा'वरून. मागोमाग जाणारे, अनुयायी असा त्याचा अर्थ. पंथाला इंग्रजीत 'सेक्ट' म्हणतात तोही तिथलाच. त्यामागचा लॅटिन धातू आणि आपला सच् (सोबत असणे) एकाच मुळाचे, आणि सच् वरून आपला सचिव. म्हणजे कपबश्यांच्या सेटचं नातं पडवीतल्या कोब्याशी नाही, मंत्रालयाशी आहे! पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले, त्यामुळे लोकांची फसगत होते.

आपण सेट उचलला तोही निवडून. स्लॅब सेट होतो, केस सेट करतात, 'सेटिंग' लावतात (ती कसली, ते विचारू नका). पण चिरा बसवायचा तो बसवायचाच. तोच गवंडी जांभ्याचा चिरा कधी सेट करत नाही. दही तर नाहीच नाही. इंग्रजीत तेही सेट होतं, आमच्याकडे लागतं. रात्री काकीला म्हटलं, "दही सेट झालं का?" ती म्हणाली, "लागला. तुझा डोक्या सेट झाला काय बघ."

रत्नागिरी, अलिबागकडे दह्याला काय म्हणता? लागलं, जमलं, की आणखी काही?